बांधावरचा ओटीपी

खेड्यातील जनतेसाठी मोबाइलवरील ॲप तयार करणाऱ्या कचेऱ्या बहुधा खेड्यापासून पुरेशा अंतरावर असतात, आणि ते एका परीने योग्यच आहे. कारण ज्या वस्तूचे निर्मळ चिंतन करावयाचे तिच्या सहवासाने चित्त विचलित होऊ देऊ नये, हा आपल्या तपस्व्यांचाच शिरस्ता आहे. पुण्याच्या पश्चिमेस गेल्या काही वर्षांत उगवलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत, अशाच एका वातानुकूलित दालनाच्या भिंतीवर टांगलेली शेतकऱ्याची तसबीर माझ्या पाहण्यात आहे. डोईला पांढरी टोपी, मुखावर कर्जमाफीच्या दिवशीही कोणाच्या मुखावर दिसले नसेल असे हास्य, हातात नवा कोरा मोबाइल, पाठीमागे नक्की कशाचे ते कृषिखात्यालाही सांगता येऊ नये असे हिरवेगार पीक, आणि खाली त्याची संक्षिप्त कुंडली : वय ४५, जमीन २ एकर, शिक्षण सातवीपर्यंत, स्वभाव जिज्ञासू, आकांक्षा प्रगतीची.

या सद्गृहस्थाविषयी मला प्रथमदर्शनीच आदर उत्पन्न झाला. त्याला भाऊबंद नाहीत, त्यामुळे त्याच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचे आणि सासरी गेलेल्या चार आत्यांचे नाव नाही. त्याच्या बांधाविषयी कोणाची हरकत नाही. सोसायटीचा सचिव त्याच्या वाटेला जात नाही. त्याच्या घरात मोबाइल एक आणि तो वापरणाराही एकच. थोरल्या चिरंजीवांनी त्यावर कबड्डीचे सामने पाहून दिवसाचा डेटा दुपारीच संपविलेला नाही, की आप्तेष्टांनी धाडलेल्या सुप्रभाताच्या गुलाबांनी त्याची साठवण तुडुंब भरलेली नाही. पहाटे जाग येताच त्याचा हात तंबाखूच्या पिशवीकडे न जाता बाजारभावाच्या आलेखाकडे जातो. महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांत हा मनुष्य धुंडाळून सापडावयाचा नाही; परंतु त्याच्या गैरसोयी दूर करण्यासाठी कितीतरी बुद्धिमान तरुण-तरुणी आज रात्रीचा दिवस करीत आहेत.

मात्र हा भिंतीवरचा शेतकरी आजकालचा आहे असे कोणी समजू नये. पेशवाई बुडून पुरते एक तप लोटले नव्हते तोच रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा एक तरुण, विद्वान आणि अंतःकरणाने निष्कपट असा इंग्रज अधिकारी दख्खनच्या रयतेच्या कल्याणार्थ एक पद्धती सिद्ध करण्याच्या कामास लागला होता. रिकार्डोच्या अर्थशास्त्रावर त्याची श्रद्धा होती. प्रत्येक शेत मोजावे, त्याच्या मातीची प्रत ठरवावी, त्या प्रतीच्या जमिनीत एकंदर पीक किती येते ते काढावे, त्यातून बी-बियाणे, बैल आणि मजुरी यांचा खर्च वजा करावा, आणि जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारने सारा म्हणून घ्यावेत, अशी ती तर्कशुद्ध योजना होती. कागदावर तीत उणे काढण्याजोगे काहीच नव्हते. अडचण एवढीच झाली की, ही सारी माहिती गोळा करावयाची होती हाताखालच्या कारकुनांनी, आणि त्या मंडळींना रिकार्डोच्या सिद्धांतापेक्षा रयतेच्या कनवटीचा अंदाज अधिक चांगला होता. सबब ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन बरड ठरू लागली आणि ज्याने केला नाही त्याचा खडकही सुपीक निघू लागला. १८३० च्या सुमारास ही पद्धती लागू झाली आणि थोडक्याच वर्षांत इंदापूरकडची रयत जमिनी पडीक टाकून शेजारच्या संस्थानी मुलुखात निघून गेली. हल्लीच्या भाषेत सांगावयाचे तर लोकांनी ॲप काढून टाकले. फक्त त्यासाठी त्यांना घरदारही काढून टाकावे लागले. पुढे १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी त्याच इंदापूर तालुक्यात नव्याने हात घातला, निव्वळ उत्पन्नाचे गणित बासनात गुंडाळून ठेवले, जमिनीची प्रतबंदी सुटसुटीत केली आणि ३० वर्षांच्या मुदतीचा सारा बांधून दिला. प्रिंगलसाहेबांची बुद्धी या दोघांपेक्षा कमी होती असे कोणीच म्हटलेले नाही, आणि मला तर त्यांच्या पराभवाचे कारण नेमके तेच वाटते.

आमच्या पिढीने पाहिलेला या विद्येचा श्रीगणेशा १९९८ साली वारणेच्या खोऱ्यात झाला. कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने संगणक मांडण्यात आले. बाजारभाव, पिकांविषयी सल्ला, जमिनीचे उतारे, किंबहुना या भूतलावर जे जे ज्ञान म्हणून आहे ते ते सर्व शेतकऱ्याच्या दारी आणून ठेवावे, असा संकल्प होता. शेतकरी आला. तो येणारच, कारण तो कारखान्याचा सभासद होता. आणि ज्ञानाच्या त्या महाद्वारापाशी उभे राहून त्याने प्रश्न विचारला तो असा की, माझ्या उसाचे वजन किती भरले आणि बिल कधी निघणार? दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्यानेही हेच विचारले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधनशाळेतील मंडळींनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबापुरतेच चालत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी शहाणपणाची गोष्ट केली. ७ गावांतील संगणक बाजूला सारून तेथे साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती लघुसंदेशाने आणवून दाखविली. शेतकऱ्याचे काही अडले नाही. वजन कळले की तो घरी जात असे. समग्र ज्ञान संगणकातच राहिले आहे याचा त्याने कधी तगादा लावल्याचे ऐकिवात नाही.

परंतु हे सर्व झाले पूर्वरंग. या विषयाचा खरा आस्वाद घ्यावयाचा असेल तर खरीप हंगामात, पावसाने चार दिवस उघडीप दिली असता, कोणत्याही जिराईत गावच्या शिवारात जावे आणि ई-पीक पाहणी चालू असलेली पाहावी. आपल्या गावदप्तराचे नमुने २१. त्यांतील सातवा हक्काचा आणि बारावा पिकाचा, आणि या दोहोंच्या संयोगाने तो सुप्रसिद्ध सातबारा सिद्ध होतो. यांतील बाराव्या नमुन्यात पिकाची नोंद करण्याचे काम पिढ्यान्पिढ्या तलाठ्याकडे होते, आणि कित्येक ठिकाणी ते चावडीतल्या चावडीत, बसल्या बैठकीला, केवळ अंतर्ज्ञानाने पार पडत असे. अशा वेळी विहीर आटून दहा वर्षे झाली तरी कागदावर ऊस डोलत असे आणि पाऊस नसतानाही भात पिकत असे. हा अद्भुतरस नाहीसा करून १५ ऑगस्ट २०२१ पासून शासनाने असे ठरविले की, यापुढे शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात जावे, आपल्या मोबाइलवर आपल्या पिकाचे नाव निवडावे, आपल्याच हाताने त्याचे छायाचित्र काढावे, आणि ते अक्षांश-रेखांशांसह सरकारदरबारी रुजू करावे. या विचारात काही वावगे नाही. किंबहुना आपले पीक आपण सांगावे यापेक्षा न्याय्य दुसरे काय असणार? हा न्याय व्हावयाचा तो बांधावर, एवढीच काय ती त्यातली मेख.

अण्णा सकाळी शेतात पोचलेले आहेत. बाजरी निसवलेली आहे, प्रकाश उत्तम आहे, बॅटरीही निम्मी आहे. ॲप उघडल्यावर ते चार आकड्यांचा सांकेतांक मागते, ज्याला सारे गाव ओटीपी या एकाच नावाने ओळखते. तो आकडा येतो चाकणला. कारण मागील हंगामात चिरंजीव सणाला घरी आले असता नोंदणी त्यांच्याच क्रमांकावर झालेली आहे. चिरंजीव पहिल्या पाळीत असून कारखान्याच्या नियमानुसार त्यांचा मोबाइल कपाटात बंद आहे. जेवणाच्या सुट्टीत एकदाचा फोन लागतो.

"आकडा आलाय का रं?"

"आलाय, अण्णा. पण कोणी मागितला तरी सांगायचा नाही, असं बँकेनं कळवलंय."

"मी कोण हाय?"

"तुम्ही अण्णाच. पण फोनवर मागताय ना."

वित्तसाक्षरतेचा प्रसार किती खोलवर झाला आहे याचा याहून सबळ पुरावा मला तरी ठाऊक नाही. अखेर अण्णांनी चिरंजिवांच्या बालपणातील दोन-तीन प्रसंग शेजारच्या शेतात ऐकू जाईल अशा आवाजात सांगून आपली ओळख पटविली, आणि तेव्हा कोठे आकडा हस्तगत झाला. तोपर्यंत त्याची मुदत टळून गेली होती, हे सांगावयास नकोच.

आकड्याचे निभावले तरी पुढे बांध आहे. आपल्या इकडील शेते ज्या काळी मोजली गेली त्या काळी ती ३३ फुटांच्या साखळीने मोजली. त्या साखळीच्या वर्गाला आपण आजही गुंठा म्हणतो. ते जीर्ण नकाशे आता आकाशातील उपग्रहांशी जुळवून घेतलेले आहेत, आणि संसारातील सर्वच जुळवाजुळवींप्रमाणे याही ठिकाणी दोन्ही पक्षांनी थोडे थोडे सोसलेले आहे. त्यात पुन्हा मोबाइलचा ठिपका ढगाळ हवेत पाच-दहा मीटर इकडे-तिकडे सरकतो. जी चूक मुंबईच्या रस्त्यावर कोणाच्या खिजगणतीतही नसते, ती बांधावर दिवाणी दावा होऊन बसते. अण्णा बापजाद्यांच्या जमिनीत, स्वतः पेरलेल्या छातीएवढ्या बाजरीत उभे असता पडद्यावर सूचना उमटते की, आपण आपल्या गटाच्या हद्दीबाहेर आहात. हे वाक्य वाचणारा मनुष्य एकटा असता तर गोष्ट तेथेच मिटली असती. परंतु खेड्यात मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी चार डोकी वाकलेली असतात, आणि त्यांतील एक डोके नेमके बांधाला बांध असलेल्या चुलतभावाचे असते. "बघा, मी वीस वर्षं बोंबलतोय, आता सरकारच सांगतंय!" असे म्हणून तो त्या पडद्याचे आपल्या मोबाइलवर छायाचित्र घेतो आणि थेट तालुक्याच्या वकिलाकडे रवाना करतो. काचेच्या इमारतीत ही सूचना ज्याने लिहिली त्या सालस तरुणाला, आपण एका वाक्यात तीन पिढ्यांच्या फौजदारीची तजवीज केली आहे, याची गंधवार्ताही नसावी.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या ॲपच्या कर्त्यांनी प्रारंभीच एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंद करता येईल अशी सवलत ठेविली होती, आणि संपूर्ण रचनेत मनुष्यस्वभावाचे मर्म ओळखणारे कलम कोणते असेल तर ते हेच होय. कारण या एका कलमाच्या फटीतून गावातील खरा यंत्रचालक आत येतो. तो कोणाचा तरी भाचा असतो. काही गावी तो पुतण्या असेल, काही गावी शिंप्याचा धाकटा असेल, परंतु सोयीसाठी आपण त्याला भाचाच म्हणू. वय १९, बारावीला एक विषय राहिलेला, पोलीस भरतीची तयारी चालू. जेथे रेंज येते त्या समाजमंदिराच्या पायरीवर त्याची बैठक असते. त्याच्या शंभरपानी वहीत अवघ्या आळीचे आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि परवलीचे शब्द ओळीने लिहिलेले असतात. शब्द वेगवेगळे लिहिण्याचा त्रास नसतो, कारण ते सर्वांचे त्यानेच ठरविलेले असून एकच असतात. तो पैसे घेत नाही. भुईमुगाच्या दिवसांत शेंगा, आखाडात जेवण, आणि अगदीच नड असेल तर महिन्याचा रिचार्ज, एवढ्यावर त्याचे भागते. मोबदल्यात कोणाचा पीएम-किसानचा २००० रुपयांचा हप्ता आला, कोणाचा अडला, कोणाचे सोसायटीचे कर्ज थकले आणि कोणाच्या सुनेने खात्याला माहेरचे नाव लावले, ही सर्व माहिती त्याच्यापाशी अद्ययावत असते.

थोडा विचार करता लक्षात येईल की, ही माहिती पूर्वी ज्याच्यापाशी असे त्याला कुलकर्णी म्हणत. त्याचे दप्तर रुमालात बांधलेले असे, याचे वहीत आहे. रयत आणि सरकार यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नसावा म्हणून मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून कुलकर्णी वतने खालसा केली. तो कायदा अद्यापि कायम आहे, आणि मध्यस्थही.

भाच्याचे अस्तित्व शहरातील कर्त्यांना कळत नाही, याला कारण मात्र खेड्याचा आतिथ्यधर्म आहे. ॲप कसे चालते ते पाहावयास शहरातून दोन मुली आणि एक दाढीवाला मुलगा गाडीने येतात. त्यांना खुर्च्या येतात, चहा येतो, आणि मग "काका, तुम्हाला हे वापरायला सोपं वाटलं का?" असा प्रश्न येतो. इतक्या लांबून उन्हातान्हाचे आलेल्या पोरांना "नाही" असे तोंडावर म्हणणारा निर्दय मनुष्य आपल्याकडे अजून जन्मावयाचा आहे. काका म्हणतात, "लई सोपं हाय." ते खोटेही बोलत नसतात, कारण त्यांना करावे लागते ते एवढेच की, मोबाइल भाच्याच्या हातात द्यावा आणि पानाला चुना लावावा. वहीत नोंद होते : वापरणाऱ्याने कोणत्याही मदतीवाचून काम पूर्ण केले. भाचा त्या वेळी पाहुण्यांसाठी बिस्किटे आणावयास गेलेला असतो.

ज्यांनी हा भाचा प्रथमच हिशेबात धरला त्यांचे कल्याण झाले, असे इतर देशांचा दाखला सांगतो. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरील सेवेचा विचार प्रथम लघुकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी झाला होता. चाचणीत लोकांनी काय करावे, तर हप्त्यांऐवजी एकमेकांना पैसे पाठवावयास आरंभ केला. शहरातल्या मुलाने गावी आईला, व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला. एखाद्या मानी कर्त्याने याला दुरुपयोग ठरवून दहा पानांची नियमावली काढली असती; तेथील कर्त्यांनी कर्जफेडीचे सोंगच बाजूला ठेवले आणि पैसे पाठविणे तेवढे ठेवले. त्यातही रोकड घेणारा आणि देणारा कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांनी आपला अडत्या म्हणून नेमला, अर्थात भाच्याला कमिशनवर घेतले. आमच्या देशात तर याहून थोर शोध लागला, आणि तोही कोणत्याही संस्थेच्या साह्यावाचून. मिस्ड कॉल देण्यास अक्षरओळख लागत नाही, पैसे पडत नाहीत, नवा मोबाइल लागत नाही. एक ठोका म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'पंप सुरू करा', इतका त्याचा शब्दकोश, आणि तो ज्याने त्याने आपल्या घरी ठरविलेला. याच मिस्ड कॉलच्या पायावर छत्तीसगडात २०१० साली सीजीनेट स्वर उभे राहिले. गोंडी बोलणाऱ्या माणसाने क्रमांक फिरवून ठेवावा, यंत्राने उलट फोन करावा, आणि त्याने हातपंप नादुरुस्त असल्याची तक्रार आपल्या भाषेत तोंडाने सांगावी. पडद्यावर दाबावयाचे काहीच नाही.

चित्रे काढली की अक्षरांची अडचण उरत नाही, असाही एक समज आहे. बंगळुरूत इंद्राणी मेधी आणि त्यांचे सहकारी यांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना कामे शोधता यावीत म्हणून अक्षरांवाचून चालणारी रचना केली. चित्रे त्या बायांना समजली. पण ही कामांची माहिती या पेटीत आली कोठून, आणि ती आपल्याला फुकट का म्हणून सांगतील, हे काही त्यांना उमजेना. अखेर सगळी हकीकत आरंभापासून दाखविणारी एक चित्रफीतच जोडावी लागली. फुकट काही मिळत नाही हे ज्ञान त्या स्त्रियांपाशी होते आणि काचेच्या इमारतीत ते नव्हते, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

याउलट, विश्वासाच्या जागी पहारा बसविला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. रोजगार हमीच्या मजुरांची खोटी हजेरी लागू नये म्हणून कामाच्या जागी दिवसातून दोनदा सर्वांचे छायाचित्र घेऊन चढवावे, असा नियम २०२३ च्या आरंभापासून देशभर सक्तीचा झाला. मजूर उन्हात उभे राहिले, रेंज आली नाही, हजेरी बुडाली, हा त्याचा करुण भाग. विनोदी भाग पुढे आहे : २०२५ साली दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कळवावे लागले की, कित्येक ठिकाणी चढविलेले छायाचित्र हे माणसांचे नसून जुन्या छायाचित्राचे छायाचित्र आहे. प्रिंगलसाहेबांच्या कारकुनांना पुनर्जन्म असेलच तर तो येथे झाला असावा. आमच्या अंगणवाडी सेविकांनी मात्र सरळ मार्ग पत्करला. लहानशा साठवणीच्या सरकारी मोबाइलवर पोरांची वजने-उंच्या भरता भरता तो वारंवार मूर्च्छित पडू लागला, तेव्हा २०२१ साली त्यांनी ते मोबाइलच सरकारदरबारी परत नेऊन ठेवले.

पीक पाहणीकडे परत यावयाचे तर, सरकारने आता एक पाऊल पुढे टाकले आहे. शेतकऱ्यांना दिलेल्या मुदतीत ज्या गटांची नोंद राहून जाईल, तेथे मानधनावर नेमलेल्या सहायकाने जाऊन पाहणी पुरी करावी, असा हुकूम निघाला; आणि मोबाइलची जाण असलेला, गावातलाच, रिकामा तरुण कोण, याची चौकशी झाली तेव्हा सर्व गावाचे बोट एकाच पायरीकडे वळले. भाच्याची नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यात तो बूट घालून शिवारभर हिंडला. दुसऱ्या आठवड्यात चिखल झाला. हल्ली तो समाजमंदिराच्या पायरीवर बसून असतो, आणि सरकारी मोबाइल घेऊन त्याचा मावसभाऊ शेतात जातो. हा मावसभाऊ नववीत आहे. बाजरी कोणती आणि ज्वारी कोणती याविषयी त्याच्या मनात थोडा गोंधळ आहे. तो बांधावरून फोन करून विचारतो, आणि भाचा तेथूनच, डोळे किंचित मिटून, "दाब, बाजरीच असणार," असे सांगतो.